दर पावसाळ्यात चामड्यावर परत येणारी बुरशी: आधी काय तपासायचं, कशाने पुसायचं, कुठे थांबायचं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा प्रश्न हाच आहे का ते कळेल.

- बूट, पट्टा, पर्स किंवा जॅकेटवर पांढरी, राखाडी किंवा हिरवट लव. बोटाने पुसली की जाते आणि काही दिवसांत त्याच जागी परत उगवते.
- शिवणीच्या रेषेत, बुटाच्या जिभेखाली, पट्ट्याच्या आतल्या बाजूला जास्त, म्हणजे जिथे घाम आणि धूळ साठते तिथे.
- स्वेड या चामड्याला स्वतःचीच मखमली लव असते, त्यामुळे त्यावर बुरशी चटकन ओळखू येत नाही. रंग उडाल्यासारखे पिठूळ गोल दिसतात.
- कपाट उघडल्याबरोबर कोंदट वास. वस्तू पुसून झाली तरी वास तसाच.
- लव गेल्यावर मागे काळे, हिरवट, कधी गुलाबीसर ठिपके.

बडोद्यात हे जुलैपासून सुरू होतं आणि नवरात्रात गरब्याच्या मोजड्या काढायची वेळ आली की सगळ्यांच्या लक्षात येतं. जॅकेटांचं त्याहून वाईट. आपल्याकडे थंडी महिना-दीड महिन्याची, म्हणजे जॅकेट उरलेलं वर्षभर बंद कपाटात लटकलेलं.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतून अशा वस्तू माझ्याकडे येत असतात आणि प्रश्न एकच असतो: "काकू, गेल्या वर्षीच स्वच्छ केली होती, मग परत कशी आली?" बहुतेक वेळा वस्तू खरंच नीट स्वच्छ केलेली असते. पण जिथून काढली त्याच कपाटात, त्याच खोक्यात परत ठेवलेली असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते कुणालाच संपवता येत नाहीत. त्यांना लागतं खाणं, ऊब आणि ओल. खाणं चामड्यातच आहे: तेल, पॉलिश, घाम, धूळ, अस्तर चिकटवायला वापरलेली खळ. ऊब आपल्या हवेत आहे. हातात राहते ती फक्त ओल. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि श्रावणात आपल्याकडे सकाळची हवा ८० टक्क्यांच्या पुढेच असते. म्हणून खाली पुसण्याचा भाग उशिरा येतो. आधीच्या तपासण्या फुकट आहेत, त्या गाळू नका.

१. ही बुरशीच आहे का?

चामड्यावरचा प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो, आणि चुकीच्या गोष्टीवर स्पिरिट चोळलं तर चांगल्या वस्तूचा रंग जातो.

थंडीत जॅकेट किंवा बूट बाहेर काढल्यावर पांढुरका, मेणचट, एकसारखा थर दिसला तर तो बहुतेक वेळा चामड्यातलंच तेल असतं. ते वर येऊन थिजतं. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून काही सेकंद फिरवा. थर विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी, कोरड्या मऊ कापडाने पुसून टाका, काम संपलं. बुरशी असेल तर उष्णतेने काही फरक पडत नाही. ही चाचणी कोरड्या वस्तूवरच करा.

घड्याळाच्या पट्ट्यावर किंवा बुटाच्या कडेला खरखरीत पांढरी रेघ असेल, ओल्या कापडाने जाते आणि वाळल्यावर परत दिसते, तर ते घामाचं मीठ आहे. दोन-तीनदा स्वच्छ पाण्याच्या दमट कापडाने टिपून घ्या, दर वेळी कापडाची नवी बाजू लावा.

बक्कल, रिव्हेट किंवा खिळ्याभोवतीच निळसर काळा डाग असेल तर तिथे लोखंड आणि ओल एकत्र आली आहे. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, ओलाव्यात लोखंडाशी त्याची क्रिया होऊन शाईसारखा रंग तयार होतो. तो पुसून निघत नाही. घासत बसू नका.

आणि जुन्या पुस्तकाची बांधणी, जुनं पाकीट, तलवारीचं म्यान असं काही हातात घेतल्यावर तांबूस भुगा हाताला लागत असेल तर ती बुरशी नाही. चामडंच झिजून त्याचं पीठ होतंय. त्याला पाणी लावलं तर काळं पडून कडक होतं. घरी काहीही करू नका.

२. हे चामडंच आहे का?

बाजारात "लेदर" म्हणून मिळणाऱ्या पर्सेसपैकी कितीतरी पीयूच्या, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेल्या असतात. आपल्या उष्ण दमट हवेत तो थर आतून तुटत जातो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. याला कुणी कितीही क्रीम लावलं तरी उपयोग नाही, आणि दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

ओळखायचं कसं, तर कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, पीयूच्या कडेला कापडाचं विणकाम.

खरं असेल तर दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच वर राहिला तर चामड्यावर रंगाचा पक्का थर आहे. ऑफिसचे काळे बूट, बहुतेक पट्टे, सोफे असे असतात आणि थोडं दमट कापड सहन करतात. थेंब लगेच शोषला जाऊन गडद ठिपका पडला तर चामडं उघडं आहे. कोल्हापुरी चप्पल यातलीच. ती बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची, वरून थर नसलेली. अशा चामड्याला जितकं कमी ओलं कराल तितकं बरं.

३. कपाट

खरा दोष इथे सापडतो, म्हणून इथे थोडं थांबते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं आहे का? पावसाचा मारा ज्या भिंतीवर बसतो ती आतून गार आणि ओलसर राहते. कपाटाच्या मागच्या फळीला तळहात लावून बघा. जुन्या जाड भिंतींच्या घरांत तर दसऱ्यापर्यंत भिंत वाळत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तरी मागून हवा फिरते आणि बराच फरक पडतो. याला एक पैसा लागत नाही.

कपाटात वर्तमानपत्र अंथरलंय का? बूट पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत का? कागद आणि पुठ्ठा ओल धरून ठेवतात. काढून टाका. जॅकेटवर दुकानाचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर तेही काढा, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. त्याऐवजी जुन्या सुती चादरीची पिशवी शिवा.

डांबर गोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशी त्यांना जुमानत नाही. आणि त्या चामड्याला चिकटून राहिल्या तर रंग बिघडतो.

आता सिलिका जेलच्या पुड्या. बुटाच्या खोक्यातून आलेली छोटी पुडी उघड्या कपाटात टाकली तर ती काही तासांत हवेतली ओल पिऊन भरते आणि नुसती पडून राहते. सिलिका जेल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यातच काम करतं, तेही आत ठेवलेली वस्तू पूर्ण कोरडी असेल तरच. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे भरले की कळतं. तापवून ते पुन्हा वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये ते तापवू नका. नारिंगी घेतलेले बरे. ओल शोषून खाली पाणी जमा करणारे डबे मिळतात, ते कपाटाच्या तळाला ठीक आहेत, पण त्यातलं पाणी खारट असतं आणि चामड्यावर सांडलं तर कायमचा डाग. वरच्या फळीवर कधीही ठेवू नका.

"हवा लागू दे" म्हणून भर पावसात खिडक्या आणि कपाट उघडं टाकणारे पुष्कळ. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असेल तर आपण आत ओलच घेतोय. उघडीप पडेल त्या दुपारी कपाट उघडा, पंखा समोर लावा, संध्याकाळी बंद करा. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवून त्याच खोलीत कपाट उघडं ठेवा, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. तीन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा. आकडा ६० च्या खाली ठेवता आला तर पुढच्या पायऱ्या क्वचितच लागतील. कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. कपड्यांच्या गर्दीत तापलेला बल्ब म्हणजे आगीला निमंत्रण.

कपाट रिकामं केलंच आहे तर फळ्या पांढऱ्या व्हिनेगरच्या कापडाने पुसून, पूर्ण वाळू द्या. हे राहिलं तर वस्तू स्वच्छ करून पहिल्याच आठवड्यात परत बुरशी.

४. कोरडं करा, मग ब्रश

वस्तू बाल्कनीत किंवा गच्चीवर न्या. घरात झटकली तर बीजाणू गाद्यांवर आणि कपड्यांवर बसतात. तोंडाला एन-९५ मास्क लावा. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर हे काम त्यांच्यापासून लांब, दार लावून.

आधी सावलीत, पंख्याखाली पूर्ण कोरडं होऊ द्या. ओली बुरशी घासली की ती छिद्रांत आणखी खोल जाते, कोरडी झाली की भुकटी होऊन निघते. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास चालेल. दुपारच्या उन्हात चामडं कोरडं पडून चिरतं आणि रंग उडतो.

मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका, शिवणीत जुना टूथब्रश. बुटाच्या नाड्या काढा, आतला तळवा बाहेर काढा आणि त्याची खालची बाजू बघा. बरेचदा मूळ तिथेच सापडतं. तळवा काळा झाला असेल तर फेकून नवा घ्या, मोच्याकडे स्वस्तात मिळतो. वापरलेला ब्रश साबणाने धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या वस्तूला लावू नका.

५. पुसणं: गुळगुळीत, थर असलेलं चामडं

औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी एकत्र करा. अल्कोहोल बुरशी मारतं आणि लवकर उडून जातं, त्यामुळे चामडं फार वेळ ओलं राहत नाही. गॅस आणि देवापुढची समई, दोन्हींपासून लांब बसा.

पहिला थेंब नेहमी लपलेल्या जागी. पांढऱ्या कापडावर वस्तूचा रंग आला तर अल्कोहोल बंद. मग अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी घ्या आणि तीच चाचणी परत करा. व्हिनेगर सौम्य आहे आणि चामडं मुळात आम्लधर्मी असल्यामुळे ते त्याला मानवतं.

कापड दमट असावं, पिळल्यावर पाणी गळता कामा नये. टिपत टिपत पुसा, डागापुरतं न पुसता शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण भाग पुसा, नाहीतर कडेला वर्तुळ उमटतं. मग सावलीत, पंख्याखाली एक दिवस.

खायचा सोडा, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण नको. हे सगळं कमी-जास्त अल्कधर्मी असतं आणि चामडं कडक आणि फिकं होतं. ब्लीच तर चामड्याचे तंतूच खातं. लिंबू नको. हात धुवायचं सॅनिटायझर जेलही नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं आणि त्यावर धूळ बसते.

सगळ्यात जास्त नुकसान मी खोबरेल तेलाने झालेलं पाहिलंय. पुसलं, चकाकी यावी म्हणून लगेच तेल चोळलं आणि कपाटात ठेवलं. आत ओल कोंडली आणि वर बुरशीला खाणं वाढलं. पूर्ण कोरडं झाल्यावर, किमान एक दिवस थांबून, चामड्याचंच कंडिशनर किंवा मेणाचं पॉलिश अगदी पातळ लावा. उरलेलं कोरड्या कापडाने काढून टाका. पावसाळ्यात पॉलिश कमीच असलेलं चांगलं. जाड थर द्यायचा असेल तर दिवाळीनंतर.

कोल्हापुरीसारख्या उघड्या चामड्यावर कोरडा ब्रश आणि अगदी थोड्या व्हिनेगरच्या कापडापलीकडे जाऊ नका.

६. स्वेड

स्वेडला पाण्याची भीती, तेलाची त्याहून जास्त. सुरुवात कोरड्या कडक ब्रशने, लव उभी होईल अशा उलट दिशेने. सुटलेली भुकटी झटकून पांढऱ्या पेन्सिल-रबराने हलकेच घासा. पिठूळ गोल पुष्कळदा इथेच जातात.

नाही गेले तर कापडाला जेमतेम व्हिनेगर लावून टिपा, वाळू द्या, परत ब्रश. वास वाळल्यावर जातो. लव दबून चकाकत असेल तर उकळत्या किटलीच्या वाफेवर हातभर अंतरावरून क्षणभर धरा आणि लगेच ब्रश करा.

पावसाच्या थेंबांचे ठिपके असतील तर एकेक ठिपका ओला करून उपयोग नाही, नवीन कड तयार होते. पूर्ण भाग स्पंजने एकसारखा हलका दमट करा, आत साधा कोरा कागद कोंबून आकार धरा आणि वाळल्यावर ब्रश करा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. तेलाचा डाग असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाड थराने रात्रभर, सकाळी झटका, परत लावा. ताज्या डागावर हे छान चालतं, महिन्याभराच्या डागावर फारसं नाही.

७. लव गेली, ठिपके राहिले

बुरशी स्वतःचा रंग सोडते आणि तो चामड्याच्या आत असतो. म्हणजे ठिपका दिसतोय याचा अर्थ बुरशी जिवंत आहे असं नाही. काळ्या आणि गडद तपकिरी वस्तूवर जुळत्या रंगाचं क्रीम पॉलिश ते झाकतं. फिकट तपकिरी, बदामी, पांढऱ्या वस्तूवर ते राहणार. जास्त घासलं तर ठिपक्याच्या जागी खरवडलेला भाग दिसेल, तो ठिपक्याहून वाईट. दोन आठवडे बघा: लव परत आली नाही, वास नाही, तर वस्तू निरोगी आहे, खुशाल वापरा. वापरातल्या वस्तूवर बुरशी कमी धरते, म्हणून पावसाळ्यातही कोरड्या दिवशी बूट घालून फिरून या.

पुराच्या पाण्यातून निघालेली वस्तू

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा समा, अकोटा, कारेलीबागेतल्या कितीतरी घरांत खालच्या मजल्यावरची कपाटं बुडाली. ते पाणी गटारांचं होतं. अस्तरवाले बूट, फोम भरलेल्या वस्तू त्यातून निघाल्या असतील तर जीव तोडू नका, टाकून द्या, कारण अस्तराच्या आत स्वच्छ करताच येत नाही. साधा पट्टा किंवा अस्तर नसलेली पिशवी वाचवता येते. चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवा, कोरा कागद भरा, कागद ओला झाला की बदला, पंख्याखाली हळूहळू वाळवा. हेअर ड्रायर, हीटर, इस्त्री यांपैकी काहीही नको. ओलं चामडं तापलं की आतलं कोलॅजन (चामड्याच्या तंतूंमधलं प्रथिन) आक्रसतं आणि मग ते परत मऊ होत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

दोन्ही द्रावणांनी कापडावर रंग येत असेल, पृष्ठभाग चिकट होत असेल किंवा चामडं फुगून वर येत असेल तर त्याच क्षणी हात थांबवा. कपाट कोरडं करून, दोनदा नीट स्वच्छ करूनही बुरशी आली तर ती अस्तरात किंवा फोममध्ये आहे. सोफा असेल तर तो उघडावाच लागतो, ते घरी होत नाही. स्वेडचं पूर्ण जॅकेट, फिकट रंगाची महागडी पर्स आणि बक्कलभोवतीचा लोखंडाचा काळा डाग हेही सरळ बाहेर द्यायचे. भिंतच ओली असेल तर आधी प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला, चामडं नंतर.

तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, बुरशी आली तर कोरड्या मऊ कापडाने वरवर पुसण्यापलीकडे काहीही करू नका. पुडीवरच्या काळ्या शाईत खळ आणि लोहकीस असतो, कुठलंही द्रावण लागलं की ती सुटते आणि तबला सुरातून जातो. तबला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच न्या. तांबूस भुगा होणाऱ्या जुन्या बांधण्या आणि घरातल्या पिढीजात वस्तूंसाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात विचारा, तिथे वस्तूंचं जतन हा अभ्यासाचाच विषय आहे.

ड्राय क्लीनरकडे देणार असाल तर देण्याआधी विचारा: चामड्याचं काम इथेच करता की बाहेर पाठवता? स्वेड आणि साधं चामडं वेगळं हाताळता का? रंग गेला तर परत रंगवून देता का? आधी लपलेल्या जागी चाचणी करता का? शेवटच्या प्रश्नाला "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर वस्तू उचला आणि दुसरीकडे जा. देताना वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि पावतीवर आधीचे डाग लिहून घ्या.